असावेराव

कचरा डेपोच्या फाटकापाशी वजनकाट्याची केबिन होती. तिच्यात बसणाऱ्या माणसाला ट्रकवाले काटेसाहेब म्हणत आणि पक्षी बघणारे असावेराव. पहिलं नाव पोटापाण्याचं, दुसरं हौसेचं. बायको रागावली की ठेवायची ती नावं आणखी वेगळी, आणि या दोन्हींपेक्षा जास्त चपखल.

काम म्हटलं तर काही नव्हतं. भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, आकडा यायचा. ट्रक आत जाऊन ओकून यायचा, पुन्हा आकडा. दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे शहराची त्या दिवशीची घाण. पण वारा सुटला की आकडा थरथरायचा, आणि तो थरथरतोय तोवर हा माणूस पावती फाडायचा नाही. मागे रांग लागायची. हॉर्न, शिव्या, सगळं यथासांग.

"काटेसाहेब, कचराच आहे, सोनं नाही. टाका अंदाजे."

"थांबू दे जरा. हलतोय अजून."

"तुमच्या केबिनीला आग लागली तरी तुम्ही आधी धूर मोजाल."

हा ढिम्म. ताक फुंकून पिणारी माणसं पुष्कळ असतात. हा फुंकून झाल्यावर ते निवेपर्यंत वाट बघणारा.

डेपोच्या ढिगांवर दिवसभर कुरव घिरट्या घालायचे. कुरव म्हणजे समुद्रावरचा तो पांढरा, लांब पंखांचा पक्षी. कॅलेंडरवर फार देखणा दिसतो. कचऱ्यावर बघावा तर कावळ्याचा मावसभाऊ, माशाच्या आतड्यासाठी सख्ख्या भावाच्या डोळ्यात चोच घालेल असा. एकदा कुणाच्या तरी अडगळीतली दुर्बीण ट्रकमधून केबिनीसमोर पडली. एका बाजूची काच तडकलेली. याने ती पुसली, एक डोळा मिटून धड नळीतून ढिगाकडे बघितलं, आणि माणूस कामातून गेला. पुढे त्याने तिपाईवर लावायची मोठी दुर्बीण घेतली. शहरात पक्षी बघणाऱ्यांचा एक घोळका होता, त्यांचा म्होरक्या एक दातांचा डॉक्टर. त्यांच्यात हा सामील झाला.

आता, मोठा झालेला कुरव कुणीही सांगेल. पाठ करडी की काळी, पाय पिवळे की गुलाबी, चोचीवर लाल ठिपका आहे का, झालं. खरी गंमत पोरांची. मोठ्या जातीच्या कुरवाला अंगाचा रंग यायला चार वर्षं लागतात. तोवर सगळ्या जातींची पोरं सारखीच: तपकिरी, चट्टेरी, चहा सांडलेल्या चादरीसारखी. त्यातही पहिल्या वर्षीचं पोर वेगळं, दुसऱ्या वर्षीचं वेगळं. पिसं झडताना अर्धं अंग जुनं, अर्धं नवं. नर थोराड, मादी बारीक, म्हणून मोठ्या जातीची मादी आणि लहान जातीचा नर शेजारी बसले की डोकं धरून बसावं. ढगाळ उजेडात एक रंग, उन्हात दुसरा. उन्हाळा आला की जुनी पिसं विटून पांढरी फटक पडतात, आणि रोजचंच पोर परदेशी पाहुण्यासारखं दिसायला लागतं. भले भले तिथे आपटतात.

घोळक्याची एक रीत होती. रविवारी बघून झालं की डॉक्टरच्या गाडीची मागची फळी पाडून सगळे चहाला बसायचे आणि एकेक पक्षी बोलायचे. पाहणाऱ्याने दोनच शब्दांपैकी एक म्हणायचा: 'आहे' किंवा 'असावा'. 'आहे' म्हटलं की पक्षी मोजणीत धरायचा, 'असावा' म्हटलं की सोडून द्यायचा. बाकीचे चहाच्या तीन घोटांत दहा वेळा 'आहे' म्हणायचे. हा कुरवाच्या पोरांबद्दल कायम 'असावा'. वर्षानुवर्षं. म्हणून असावेराव. चिडवायचे, पण मानायचेही. हा चुकून कधी 'आहे' म्हणाला तर डॉक्टर पुढे काही विचारायचा नाही.

घरी मात्र या शब्दाने उच्छाद मांडला होता.

"भाजीत मीठ पडलंय का हो?"

"पडलं असावं."

"तोंडात घास आहे ना तुमच्या? की तो पण असावा?"

एकुलती एक लेक होती. लहानपणी गुबगुबीत आणि हुकूम सोडणारी, म्हणून ठमी. हा तिला खांद्यावर बसवून डेपोच्या मागच्या बांधावर न्यायचा. ती प्रत्येक पक्ष्याला बोट दाखवून 'आहे' म्हणायची. हा विचारायचा, चोच बघितलीस? शेपटीचा पट्टा बघितलास? उडताना पंख बघितलास? एक दिवस ती कंटाळून म्हणाली, "बाबा, मी जन्मले तेव्हा नर्सला तू काय म्हणालास? मुलगी असावी?" हा इतका हसला की तिपाई पडली. कितीतरी वर्षं हा विनोद तो ट्रकवाल्यांना सांगत होता.

ठमी मोठी झाली आणि बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात लागली. मासळीसाठी बर्फाच्या लाद्या पाडायचा कारखाना. यंत्रघरात बाई म्हणून ती एकटीच. सुरुवातीला फडकं मारायला ठेवली होती. ती कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून ऐकून शिकली, परीक्षा दिली, ऑपरेटर झाली. अंगात निळा डगला, पायात रबरी बूट, डोक्याला घट्ट टोपी, तोंडावर मास्क. आई म्हणायची, "मुलगी कामाला लावली की पिंप?" पण शेजारपाजारी सांगताना आवाज चढायचा तिचा. बर्फ करायला अमोनिया लागतो आणि अमोनिया म्हणजे खेळ नव्हे. यंत्रात तेल साचतं, ते पाळीच्या शेवटी खालच्या व्हॉल्व्हमधून काढायचं आणि व्हॉल्व्ह गच्च बंद करायचा. नाही केला तर आधी तेल येतं, मग वायू.

कारखान्याच्या मागे कुंपणाची भिंत, भिंतीपलीकडे सांडपाण्याचा चर, आणि चरावर कुरवांची जत्रा. सुट्टीच्या दिवशी हा तिपाई घेऊन भिंतीला लागून असलेल्या चौथऱ्यावर बसायचा. तिथून चरही दिसायचा आणि यंत्रघराचं मागचं आवारही, तेलाच्या व्हॉल्व्हसकट. ठमीची पाळी सुटली की दोघं बरोबर घरी जायचे, वाटेत भांडत.

उन्हाळा नुकता लागला होता. दुपारची पाळी संपत आली होती. चरावर पोरंच पोरं, नेहमीची, विटकी. लेक कुठवर आली म्हणून याने दुर्बीण आवाराकडे फिरवली. व्हॉल्व्हपाशी निळ्या डगल्यातलं कुणीतरी पाठमोरं वाकलेलं होतं, दोन्ही हातांनी चाक उजवीकडे आवळत होतं. आणि तेवढ्यात दुर्बिणीच्या कडेला काहीतरी पांढरं हललं. याने दुर्बीण झटक्यात चराकडे वळवली.

कुरवाचं पोर. पण दुधात बुडवून काढल्यासारखं. पंखाच्या टोकांनाही काळेपणा नाही. असा पांढऱ्या पंखांचा कुरव लांब उत्तरेत राहतो, तो इकडे आल्याचं घोळक्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. याने तिपाई दोन्ही हातांनी धरली. पोर बराच वेळ चिखलात उभं होतं, याचा डोळा त्याच्यावरून हलला नाही; मग त्याने एकदा पंख ताणले, दोन पावलं टाकली आणि उडून गेलं. याने तिथूनच डॉक्टरला फोन लावला.

"पांढऱ्या पंखांचा. पहिल्या वर्षीचा."

"असावा?" डॉक्टर हसत म्हणाला.

"आहे," हा म्हणाला.

डॉक्टरने हसू आवरलं. मग म्हणाला, "तुम्ही म्हणताय म्हणजे आहेच. आज पार्टी तुमच्याकडून."

तो फोनवर होता तेव्हाच आवारात ओरडा झाला. पुढच्या पाळीचा ऑपरेटर येऊन गेला होता, आणि त्यानंतर आवार झाडायला गेलेल्या फिटरच्या तोंडावर व्हॉल्व्हमधून वायू आला होता. फिटर गुडघ्यांवर रांगत बाहेर आला. जीव वाचला, एक डोळा गेला, छाती कायमची गेली.

ठमीचं म्हणणं एकच: मी तेल काढलं, व्हॉल्व्ह गच्च बंद केला आणि कपडे बदलायला गेले. पुढच्या पाळीचा ऑपरेटर म्हणाला, मी व्हॉल्व्हला हातच लावला नाही, आधीच्या पाळीने सैल ठेवला असेल. हा ऑपरेटर सुपरवायझरचा भाचा. अंगाने ठमीएवढाच, डगलाही तोच. कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं की भाच्याला काम उरकायची घाई असते, शेवटी काढायचं तेल तो पाळी सुरू होतानाच काढायला घेतो आणि चाक सोडून सिगरेट ओढायला जातो. पण ठाऊक असणं वेगळं आणि मॅनेजरसमोर तोंड उघडणं वेगळं. सगळे मूग गिळून बसले. ठमी मात्र निर्धास्त होती. "बाबा भिंतीवर होता," ती म्हणाली. "त्याने बघितलंय मला. आणि माझा बाबा खोटं बोलत नाही, हे डेपोचे ट्रकवालेसुद्धा सांगतील."

चौकशी मॅनेजरच्या खोलीत झाली. मोठं टेबल, काचेखाली दाबलेले जुने फोटो, बंद पडलेला एसी आणि टेबलफॅन. एका बाजूला सुपरवायझर आणि भाचा, दुसऱ्या बाजूला ठमी आणि कामगारांचा पुढारी. कोपऱ्यात टायपिस्ट. यालाही खुर्ची दिली.

"तुम्ही भिंतीपाशी होतात?" मॅनेजरने विचारलं.

"होतो."

"व्हॉल्व्ह दिसत होता?"

"दिसत होता. कुणीतरी चाक आवळत होतं. उजवीकडे."

"कुणीतरी म्हणजे? तुमची मुलगी?"

आता याच्या जागी दुसरा कुठलाही बाप असता तर शब्द संपायच्या आत हो म्हणाला असता. याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे पाठ आली. निळा डगला. टोपी. रबरी बूट. उंची बेताची. तोंड नाही, केस नाहीत.

"तीच असावी," हा म्हणाला.

पुढारी याच्या कानाशी वाकून पुटपुटला, "काका, होती म्हणा. होती."

"असावी म्हणजे काय?" मॅनेजर म्हणाला. "होती की नव्हती?"

"पाठमोरी होती. डगले सगळ्यांचे सारखे. वेळ तिची होती, म्हणून तीच असावी."

"हा असू शकेल का?" सुपरवायझरने भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला.

याने भाच्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, चरावरचा पक्षी बघावा तसं. "पाठमोरा असेल तर... नाहीच, असं नाही म्हणता येणार."

"चाक पूर्ण बंद झालं, ते बघितलंत?"

"झालं असावं. मी दुर्बीण वळवली."

"कुठे?"

"एक पक्षी होता."

भाचा हसला. मामाने त्याला डोळ्याने दाबलं. मॅनेजर टायपिस्टकडे वळून म्हणाला, "घ्या. साक्षीदार मुलीचे वडील आहेत, त्यांनाही खात्री नाही."

ठमी बापाकडे बघत होती. रागाने नाही. रस्ता चुकल्यावर माणूस पाटी बघतं तसं.

परतीच्या वाटेवर ती पुढे पुढे चालत होती. माशांच्या गोदामांपाशी आल्यावर थांबली.

"मी हात केला होता तुला."

"कधी?"

"चाक बंद केलं, मास्क काढला, वळले आणि तुला हात केला. असा. तू दुर्बिणीला डोळा लावून बसला होतास. मला वाटलं तू मला बघतोयस. मी जीभसुद्धा काढून दाखवली, बाबा."

याने गोदामाकडे तोंड वळवलं.

"तोंड दिसलं नव्हतं गं," एवढंच म्हणाला. "जे बघितलं नाही ते बघितलं कसं म्हणू?"

"त्या पक्ष्याला काय म्हणालास?"

याने वहाणेतला खडा काढला.

"सांग की. डॉक्टरकाकांच्या बायकोने आईला फोन करून अभिनंदन केलं. त्याला काय म्हणालास?"

"आहे म्हणालो."

"हं," ठमी म्हणाली आणि चालायला लागली.

तिला काढलं. परवाना गेला, म्हणजे दुसऱ्या बर्फाच्या कारखान्याचं दारही बंद. भाचा दोन महिन्यांत मामाच्या जागेवर बसायच्या तयारीला लागला. फिटरची बायको बाजारात दिसली की ठमीच्या आईसमोर थुंकायची. आई ते पदराने पुसल्यासारखं करून घरी यायची आणि नवऱ्यापुढे बसायची.

"काखेत कळसा आणि चरावर वळसा," ती म्हणायची. "अहो, अंधारात नुसती खोकली तरी मी सांगेन माझी पोर कुठली ते. तुम्हाला एवढी मोठी दुर्बीण लावून कळेना?"

"खोटं बोलायला हवं होतं का मी?"

"ती खोटं बोलते असं वाटलं तुम्हाला?"

"तसं नाही."

"मग कशाची शंका होती?"

तिच्यावर शंका नव्हती, आपल्या डोळ्यावर होती. हे दोन वेगळे आहेत असं त्याला आतून पक्कं वाटायचं. पण बायकोपुढे ते मांडायला गेलं की दोन्ही एकच होऊन बसायचं.

पावसाळा संपताना डॉक्टरने बोलावून घेतलं. घोळक्यातल्या एकाने त्याच चरावर तोच पक्षी टिपला होता, जवळून. गाडीच्या फळीवर चहा ठेवून डॉक्टरने फोटो दाखवला. पोराला आता नवी पिसं फुटत होती. पांढऱ्या जुन्या पिसांमधून गडद तपकिरी नवी पिसं, दाढी वाढावी तशी.

"उन्हाने विटलेलं, दुसरं काही नाही," डॉक्टर म्हणाला. "आपलं रोजचंच. मी तुमच्या शब्दावर गेलो, माझीही चूक." मग हलकं करायला म्हणून पाठीवर थाप मारली. "असावेराव, आयुष्यात एकदा 'आहे' म्हणालात, तेही घरच्याच कोंबडीला."

सगळे हसले. हाही हसला. चहा पिऊन झाल्यावर कपाची दांडी सोडायला विसरला आणि कप हातात घेऊनच रस्त्याला लागला.

तो तडक बर्फाच्या कारखान्यात गेला. मॅनेजरने ओळखलं.

"साहेब, ती माझी मुलगीच होती. व्हॉल्व्ह तिनेच बंद केला. पूर्ण. लिहून घ्या."

मॅनेजरने त्याच्या हातातल्या रिकाम्या कपाकडे बघितलं. "तेव्हा तोंड दिसलं नव्हतं. आता दिसलं?"

"तीच होती."

"काका, तुमची तेव्हाची साक्ष वाचून वरचे साहेब काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, असा सरळ साक्षीदार मी बघितला नाही. तुमच्यामुळेच प्रकरण लवकर मिटलं." त्याने उठून दार उघडलं. "आता स्वतःच्या तोंडाने स्वतःला खोटं कशाला पाडता? घरी जा."

ठमी त्याआधीच गेली होती. मोठ्या शहरात, एका औषधांच्या कंपनीत, डब्यांना लेबलं लावायला. फोन आईला करायची. बाप शेजारी बसलेला असायचा. आई मुद्दाम आवाज मोठा करून ठेवायची. तिकडून "बाबा बरा आहे ना?" एवढं यायचं आणि पुढच्या गोष्टी सुरू व्हायच्या. पुढे पुढे तेवढंही येईना.

वर्षभराने ती राहिलेलं सामान न्यायला आली. याची बहीण, ठमीची आत्या, नेमकी त्या दिवशी घरी आली होती. बारीक झाली होती ठमी. केस कापलेले. हा दाराशी उभा होता, काय बोलावं याची तयारी सकाळपासून केलेली. मॅनेजरकडे जाऊन आलो ते सांगायचं होतं. पांढऱ्या पोराचं काय झालं तेही सांगायचं होतं, मग तिने हवं तेवढं हसावं, शिव्या द्याव्यात.

तिने पिशवी खाली ठेवली.

"कसे आहात बाबा? तब्येत बरी आहे ना तुमची?"

हा बघत राहिला.

"तुम्ही बसा," ठमी म्हणाली. "उभे कशाला? माळ्यावरची पेटी मी काढते, तुम्ही नका त्रास घेऊ. चहा हवाय का तुम्हाला?"

"ठमे," हा म्हणाला, "मी गेलो होतो तिकडे. कारखान्यात. मी सांगितलं त्यांना..."

"आई बोलली मला. बरं केलंत." ती स्टुलावर चढली. आवाजात राग नव्हता. बँकेत पलीकडच्या बाईने कामाचं बोलावं तसं साफ, नीट. "जरा बाजूला होता का? धूळ पडेल तुमच्या अंगावर."

तो बाजूला झाला.

आत्या हे सगळं कौतुकाने बघत होती. ठमी पेटी घेऊन आत गेल्यावर तिने वहिनीला, म्हणजे ठमीच्या आईला, कोपराने ढोसलं.

"काय वळण लागलंय गं पोरीला. आधी बापाला अरे-तुरे करायची, मला बाई कसंसंच व्हायचं. बाहेर राहिली की माणसं शिकतात. बघ ना, किती मान देऊन बोलते."

आई चहाचं आधण उतरवायला उठली. हा स्टूल धरून उभा होता. स्टुलावर आता कुणी नव्हतं.